पाय थांबतो तिथे

बडोद्यात मोहना गुप्तेच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे पोचली आहेत म्हणून सांगू! कुणी कॅनडात, कुणी बंगळुरात, एकजण तर म्हणे बर्फात तंबू ठोकून कसली कसली मापं घेत असतो. चौदा वर्षं तिने आठवी ते दहावीला गणित शिकवलं. तिने खडू उचलला की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप बंद व्हायची. ज्या पोराला वजाबाकी धड जमत नव्हती, त्याच्याकडून तिने बोर्डाला ऐंशी मार्क काढून घेतले होते. आणि अशा या बाईला पोटच्या मुलीला सातचा पाढा शिकवता येईना. आता काय बोलायचं?

मुलगी इरा, दहा वर्षांची. मंद म्हणाल तर जीभ आवरा. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून जिन्यावर कोण चढतंय ते ती नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगायची. 'कोकिलाबेन येतायत, आणि आज त्यांचा डावा गुडघा दुखतोय,' असं म्हणायची, आणि दार उघडलं तर शेजारच्या कोकिलाबेन खरंच डावा गुडघा दाबत उभ्या. पण हीच मुलगी वहीसमोर बसवली की दोन मिनिटांत पेन्सिलचं टोक तुटायचं, मग तहान लागायची, मग कुकरची शिट्टी किती झाली ते मोजायचं असायचं, मग खिडकीवर खार आलेली असायची. बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या डॉक्टरांनी तीन बैठका घेऊन नीट सांगितलं होतं, एडीएचडी आहे. हट्ट नाही, आळस नाही, वाईट वळण तर नाहीच नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि हातातली गोष्ट डोक्यात टिकवणं हिला इतरांपेक्षा फार जड जातं. औषधाची अर्धी गोळी सकाळी सुरू झाली, थोडा फरक पडला. पण गोळी काही सातचा पाढा शिकवत नाही.

चौथीच्या ऑगस्टमध्ये इराच्या शाळेने आईवडलांना बोलावून घेतलं. सगळे फार गोड बोलले. 'बेन, थोडो वखत घेर राखो ने,' असं तिथल्या बाई म्हणाल्या. थोडा वेळ घरी ठेवा म्हणजे काय, लोणचं आहे का मुरायला ठेवायला! मोहनाचा नवरा सलील रिफायनरीत शिफ्टमध्ये, आज सकाळ, उद्या रात्र. सासरे गोविंदराव अठ्ठ्याहत्तरचे, रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यावर एकदा तासभर इराला सोपवलं, तर आजोबांचा डोळा लागला आणि नात एका कुत्र्याच्या पिल्लामागे पार गोत्रीच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. रिक्षावाल्याने परत आणून सोडली. दुसऱ्या दिवशी मोहनाने दाराला वरच्या बाजूला एक कडी बसवून घेतली आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या शाळेत राजीनामा दिला.

कडी इराच्या हाताला लागू नये म्हणून वर बसवली होती. आत मात्र दोघी अडकल्या.

सकाळी साडेनऊला गणित, साडेदहाला भाषा, बाराला पुन्हा गणित. हे झालं कागदावरचं वेळापत्रक. खरं वेळापत्रक म्हणजे नऊ पस्तीसला आरडाओरडा, नऊ पन्नासला रडारड, आणि सव्वादहाला दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. मोहनाने मणी आणले, राजम्याच्या दाण्यांचे ढीग केले, फरशीवर खडूने चौकोन काढले. पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्ट चालायची, तिसऱ्या दिवशी बंद पडायची. दुपारी भांडी विसळताना तिला तिची शाळा आठवायची. मधल्या सुट्टीतला तो पाणचट चहा, वेळापत्रकाच्या चौकटीत लिहिलेलं 'मोहना जी.', भर वर्गात एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर 'अरेच्चा!' उमटायचं ते. तो चहा तिने चौदा वर्षं नावं ठेवत प्यायला होता, आणि आता त्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता. आपल्याला आपल्या मुलीपासून सुटका हवी आहे असं तिच्या मनात यायचं. मग तिचीच तिला लाज वाटायची आणि ती बाहेर येऊन इराचे केस विंचरायला घ्यायची, म्हणजे आणखी एक भांडण.

झोपाळ्याचा शोध लागला तो दिवाळीनंतर. आता बडोद्यात एखाद्या घरात सोफा नसेल, पण झोपाळा असणारच. गुप्त्यांच्या हॉलमध्येही गॅलरीच्या दाराशी सागवानी पाट, पितळी कड्या, दोघंतिघं सहज बसतील असा. बसणाऱ्यांपैकी एकाने पाय जमिनीला टेकवून हलकासा रेटा देत राहायचा, बाकीच्यांनी गप्पा मारायच्या, ही इथली रीत. एका दुपारी मोहना थकून झोपाळ्यावर बसली होती, एका पायाने झोके देत. इरा शेजारी येऊन मांडी घालून बसली आणि आपली आपणच गुणगुणायला लागली, "सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस..." एका झोक्याला एक आकडा. न अडखळता सत्तरपर्यंत!

मोहनाने झोका चालूच ठेवला. आकड्यांची माळ पोरीला पाठ होती तर. गाण्यासारखी पाठ. अडचण एवढीच की कितवा आकडा चालू आहे याचा हिशेब तिच्या डोक्यात टिकत नव्हता. सात अठ्ठे किती विचारलं, तर आठव्या आकड्यावर थांबायचं आहे हेच ती अर्ध्या वाटेत विसरायची.

"इरा," मोहनाने अगदी हळू विचारलं, "सात अठ्ठे?"

झोका, सात. झोका, चौदा. इरा खाली मान घालून म्हणत गेली आणि आठव्या झोक्याला म्हणाली, "छप्पन्न." आणि थांबली.

बरोबर! मोहनाने तिला कवटाळलं. त्या दिवसापासून गणिताचा वर्ग झोपाळ्यावर. सहाचा, सातचा, आठचा, नऊचा, सगळे पाढे झोपाळ्यावर. फेब्रुवारीपर्यंत दहापैकी नऊ उत्तरं बरोबर यायला लागली. रविवारी सलील घरी असला की मोहना त्याला मुद्दाम समोर बसवायची आणि इराला प्रश्न विचारायची. सलील टाळ्या वाजवायचा. कोकिलाबेन म्हणायच्या, "वाह मोहनाबेन, तमे तो जादू कर्यो!" मोहनालाही वाटायचं, जादूच केली आपण. का वाटू नये? कौतुकाचे चार शब्द तिच्या वाट्याला कित्येक महिन्यांत आले नव्हते.

आणि मार्चच्या अखेरीस पारेख मॅडमचा फोन आला. या मोहनाच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका, कडक पण मनाने सरळ. गणित विभागाच्या प्रमुख बाई मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. "मोहना, जूनपासून ये. विभाग तू सांभाळ. इराला पाचवीत घेऊ, आता आपल्याकडे अशा मुलांसाठी वेगळ्या शिक्षिका आहेत. पण पाचवीचा वर्ग तिला झेपला पाहिजे. एक चाचणी देऊ दे, चाळीसपैकी सोळा मिळाले की झालं. तिला प्रश्न वाचून दाखवायला तू शेजारी बस, माझी हरकत नाही. सोळा एप्रिलला या. मला त्या दिवशीच कळायला हवं, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी घेईन."

फोन ठेवल्यावर मोहना झोपाळ्यावर बसून ढसाढसा रडली. इराने घाबरून विचारलं, "मी काय केलं?"

"काही नाही ग राणी. तू छान केलंस. आता आपण दोघी शाळेत जायचं."

"तू पण?"

"मी पण!"

कपाटातल्या वरच्या कप्प्यातून तिने शाळेच्या चार कॉटनच्या साड्या काढल्या, धुतल्या, खळ घालून इस्त्री केल्या. चाळीसपैकी सोळा म्हणजे इराच्या डाव्या हातचा मळ, असं तिने गोविंदरावांना ऐकवलंसुद्धा.

आठ एप्रिलला सोसायटीच्या फाटकाशी उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मोहनाचा उजवा पाय वळला. घोटा टम्म सुजला. हाड शाबूत होतं, पण क्रेप बँडेज आलं आणि आठ दिवस पाय उशीवर ठेवायचा हुकूम झाला. चाचणी आठ दिवसांवर, आणि मास्तरीण दिवाणावर आडवी. पण सराव बुडून कसं चालेल? गोविंदराव म्हणाले, "अगं, त्यात काय? मी बसतो तिच्याबरोबर. झोकेच द्यायचेत ना?"

गोविंदराव झोपाळ्यावर बसले. इरा शेजारी मांडी घालून बसली. समोरच्या दिवाणावर मोहना, पायाखाली दोन उशा. तिने तिथूनच विचारलं, "सात अठ्ठे?"

आजोबांनी झोके द्यायला सुरुवात केली. छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला माणूस, झोके कसे, तर एका लयीत, ना कमी ना जास्त. इरा म्हणत गेली, "सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न..."

मोहना हसून 'शाब्बास' म्हणणार, तोच इरा पुढे म्हणाली, "त्रेसष्ट." मग, "सत्तर." मग ती गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, "सात, चौदा..."

"थांब, थांब. पुन्हा. सहा सत्ते?"

सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस, चौपन्न. इरा थांबेचना. आणि आता दिवाणावरून, पहिल्यांदाच समोरून, मोहनाला दिसलं की इरा कुठे बघते आहे. तिची मान खाली होती. ती आजोबांच्या पायाकडे बघत होती. एकटक, डोळ्याची पापणी न लववता. दोन मिनिटं कशावर नजर न ठरणारी पोर आजोबांच्या त्या पायावरून नजर काढत नव्हती. पाय कधी थांबतो याची वाट बघत होती.

मोहनाला सगळं एका क्षणात समजलं. ती स्वतः इराच्या शेजारी बसून झोके द्यायची, उत्तर तिला माहीतच असायचं, आणि बरोबर आकडा आला की तिचा पाय तिच्या नकळत क्षणभर जमिनीवर टेकूनच राहायचा. नकळतच! तिने ते कधी मुद्दाम केलं नव्हतं. पण पाय थांबायचा, झोका अडखळायचा, आणि जिन्यावरच्या चपलांवरून गुडघेदुखी ओळखणारी पोर त्या आकड्यावर थांबायची. चार महिने गुणाकार मोहनाच करत होती. झोपाळ्यावर बसून स्वतःलाच प्रश्न घालून स्वतःच बरोबर उत्तरं देत होती आणि वर नवऱ्याकडून टाळ्या वाजवून घेत होती.

"इरा, इकडे ये." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तू पायाकडे का बघतेस?"

"तुझा पाय थांबतो ना," इरा म्हणाली. "आजोबांचा थांबतच नाही. त्यांना येत नाही वाटतं."

"म्हणजे तू मोजत नव्हतीस? चार महिने मला फसवत होतीस?"

इराचा चेहरा कोराच राहिला. "फसवत? पाय थांबला की थांबायचं, असंच आहे ना? तूच शिकवलंस."

मोहनाने उशी उचलून फेकली. ती इराला लागली नाही, झोपाळ्याच्या कडीला लागून खाली पडली. पण इरा धावत गॅलरीत गेली आणि कोपऱ्यात कान झाकून बसली. गोविंदराव खाली बघत म्हणाले, "सूनबाई, पोरीची यात चूक नाही." ते तिला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर राग आवरत नव्हता.

पुढचे सात दिवस, देवा! झोपाळा बंद. खुर्ची, टेबल, वही. इराला आता काहीच येईना, जे थोडंफार येत होतं तेही भीतीने गेलं. मोहना दिवाणावरून ओरडायची, मग माफी मागायची, मग पुन्हा ओरडायची. बाहेर पडावं तर पाय सुजलेला. घरात राहावं तर ती वही. वरची कडी उघडायला उठावं तरी भिंतीचा आधार लागे. रात्रपाळी करून सलील सकाळी घरी यायचा तेव्हा घरात नुकतंच कुणी गेल्यासारखी शांतता असायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि उगाच बँडेज नीट करत म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस. तू उद्या तिच्या शेजारीच बसणार आहेस ना?"

"प्रश्न वाचायला."

"हो, वाचायलाच. पण पाय तर तुझा तुझ्याजवळच असणार."

मोहनाने कप खाली ठेवला.

"मी काही वाईट सांगत नाहीये," सलील घाईघाईने म्हणाला. "एकदा आत तर जाऊ दे तिला. तिथे शिकलेल्या बाया आहेत, त्या शिकवतील. आणि तू... तू आरशात बघितलंयस का स्वतःला? मला भीती वाटते तुझी."

"मी गणिताची शिक्षिका आहे, सलील. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय."

"हो, हो, माहीत आहे," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

ती त्याच्यावर खवळली खरी. पण तोंडातून 'नाही' हा शब्द काही तिने काढला नाही. दिवसभर तिच्या डोक्यात तेच. कुणाचं काय नुकसान होणार आहे? सोळा मार्क. आठ प्रश्न. आठ वेळा पाय थांबवायचा, आणि जून महिन्यात खळ घातलेली साडी नेसून ती दाराबाहेर पडेल. कोण बघायला येतंय टेबलाखाली! संध्याकाळी तिने चार साड्यांमधली निळी काढून ठेवली.

सोळा एप्रिल. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये पाऊल ठेवलं आणि खडूचा, फिनाइलचा, घामेजलेल्या दप्तरांचा तो वास आला, तेव्हा मोहनाचे डोळे भरून आले. शिपायाने ओळखून "आवो आवो, मोहनाबेन!" केलं. ती लंगडत, इराचा हात घट्ट धरून, पाचवीच्या रिकाम्या वर्गात गेली. देखरेखीला एक तरुण शिक्षिका होती, नवीन, मोहनाला न ओळखणारी. एका बाकावर इरा, शेजारच्या बाकावर मोहना, वीस प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क.

मोहनाने पहिला प्रश्न वाचला. "एका खोक्यात सात पेन्सिली. अशा आठ खोक्यांत किती?"

इराने पेन्सिल उचलली, मान खाली घातली आणि पुटपुटायला लागली. सात, चौदा, एकवीस. मोहना पायावर पाय टाकून बसली होती. बँडेजचा पाय वर, लोंबता. सवयीने तो हलत होता. अठ्ठावीस, पस्तीस. तिने अजून काहीच ठरवलं नव्हतं, शप्पथ घेऊन सांगते, काहीच ठरवलं नव्हतं. बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न. पाय थांबला.

इराने लिहिलं, ५६. आणि मान वर करून आईकडे बघून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. आपलं पुन्हा जमलं, आई पुन्हा आपल्या बाजूला आली, असं ते हसू होतं.

ठरवायची वेळ यायच्या आधीच पायाने ठरवून टाकलं होतं. असंच चालू राहिलं तर इरा पाचवीत जाईल, आणि तिथल्या प्रत्येक बाकाखाली कुणाचा तरी पाय शोधत बसेल. सापडणार नाही, तेव्हा तिला वाटेल की आपल्यातच काहीतरी खोट आहे. आठ महिने 'ही खोट नाही, खोट नाही' असं ज्या पोरीला आपण सांगत आलो, तिच्या पदरात आपण स्वतःच्या हाताने ती खोट टाकतोय.

मोहनाने चपला काढल्या. एक पाय उचलून बाकावर घेतला, मग सुजलेला दुसरा, ओठ दाताखाली दाबत. त्या छोट्या बाकावर, निळ्या कडक साडीत, तिने चक्क मांडी घातली. घोट्यातून कळ थेट मस्तकात गेली.

"मॅम, तुम्ही ठीक आहात ना?" तरुण शिक्षिकेने विचारलं.

"पाय दुखतोय," मोहना म्हणाली. आणि दुसरा प्रश्न वाचला.

इरा पुटपुटत गेली, बाकाखाली बघितलं. तिथे नुसत्या दोन चपला. तिने पुन्हा बघितलं. मग आईच्या तोंडाकडे बघितलं. मोहना भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे बघत राहिली, कारण पायासारखाच चेहराही आपल्या ताब्यात नाही, हे आता तिला कळून चुकलं होतं.

"आई, पाय?" इरा कुजबुजली.

"तू तुझं कर, बाळा. जमेल तेवढं कर."

पाऊण तास. इराने पेन्सिलला दोनदा टोक केलं, एकदा पाणी प्यायली, तीन प्रश्न सोडून दिले, एका प्रश्नाच्या जागी खार काढली. मोहना मांडी न सोडता बसून राहिली. उठली तेव्हा दोन्ही पाय बधिर झाले होते.

पारेख मॅडमनी पेपर तिथेच तपासला. चष्मा काढला. "मोहना, बारा झाले ग. सहा बरोबर. अजून दोन असते तर..." त्या थांबल्या. "हे बघ, मी चौदाला सुद्धा घेतलं असतं. चौदा धरू का?"

हे ऐकून मोहनाचा जीव कसा वरखाली झाला असेल ते तुम्हीच समजा. मॅडम दार उघडून उभ्या होत्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"पहिलं उत्तर तिचं नाही, मॅडम," मोहना म्हणाली. "माझं आहे. ते कापा."

"म्हणजे?"

"मी सांगितलं ते. दहाच आहेत तिचे."

पारेख मॅडमनी लाल पेनाने बाराचे दहा केले. "मला जागा भरावी लागेल, मोहना. जून माझ्यासाठी थांबत नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाज उतरवून, "वाईट वाटतंय मला." मोहनाने मान हलवली.

घरी आल्यावर गोविंदरावांनी दोघींचे चेहरे बघितले. त्यांनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मोहनाने वरची कडी लावली, साडीसकट झोपाळ्यावर बसली आणि दोन्ही पाय वर घेतले, घोटा ठणकत होता म्हणून. झोपाळा स्थिर. तिला वाटलं, झालं, आता इथेच. आणखी एक वर्ष, कदाचित दोन, कदाचित कायमचं. या पाटावर, या दोन कड्यांना टांगून. तिला रडूही येईना.

इरा मागे येऊन उभी राहिली. "तू बस. मी देते झोका."

तिने पाट दोन्ही हातांनी ढकलला. एक झोका, दुसरा झोका. मोहनाने डोळे मिटले. आणि सवय म्हणा, खोड म्हणा, तिच्या ओठांवर आपोआप आकडे आले. प्रत्येक झोक्याला एक. "सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस..."

"किती वेळा?" मागून इराने विचारलं.

"काय किती वेळा? आठ. सात अठ्ठे."

"मग म्हण."

"पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न..."

झोपाळा थांबला. इराने पाट धरून ठेवला होता.

मोहनाने डोळे उघडले. योगायोग असेल. "आठ नव्वे," ती म्हणाली, आणि मुद्दाम सपाट आवाजात, कुठेही न रेंगाळता आकडे म्हणत गेली. आठ, सोळा, चोवीस, बत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, छप्पन्न, चौसष्ट, बहात्तर. झोपाळा थांबला. तिने पुढे म्हणून बघितलं, "ऐंशी."

"नाही! थांब!" इरा ओरडली. "झाले नऊ. मी धक्के मोजले ना. तू आकडे म्हणतेस, मग मला नुसते धक्केच मोजायचे असतात. ते येतं मला."

मोहना मागे वळली. पोरीचे तळवे लाल झाले होते, कपाळावर घाम होता. चार महिने जी गोष्ट मोहना आपल्या पायाने करत होती, ती इराच्या हातात दिली असती तर! एवढं साधं चौदा वर्षांच्या मास्तरणीला सुचलं नव्हतं. तिने 'सहा सत्ते' म्हटलं. या वेळी झोपाळा बेचाळीसला थांबला नाही, अठ्ठेचाळीसला थांबला.

"चुकलं," इरा स्वतःच म्हणाली. "आजोबांनी मध्येच कप आपटला. परत घे."

"इरा, पुरे आता. दमलीस तू. उद्या करू."

"नाही, आत्ता." तिने पाट पुन्हा घट्ट धरला. "किती बरोबर आले की त्या मॅडम हो म्हणतील?"

"त्यांना आता दुसरं कुणीतरी मिळेल ग. आणि तुला शाळेची एवढी घाई कसली?"

"मला नाही," इरा म्हणाली. "मला घरीच आवडतं. पण तुला जायचंय ना? तू रडलीस ना तेव्हा, फोन आला तेव्हा. म्हणून तर मी तुझ्या पायाकडे इतकं नीट बघायचे. लवकर बरोबर यावं म्हणून."

स्वयंपाकघरात आधण उकळून उतू गेल्याचा वास आला, गोविंदराव काहीतरी पुटपुटले. इराने मागून जोर लावला आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला.

"म्हण ना, आई. सहा सत्ते."

"सहा," मोहना म्हणाली. "बारा. अठरा."